भिंतीवरची रडणारी बाई

दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून 'चित्र काढ' म्हटलं, तर तो हेच काढेल. मीही हेच काढायची. डी.एड.ला असताना या देखाव्याला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. मग नोकरी लागली ती धानोरा तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावी, आणि पहिल्याच आठवड्यात हा देखावा मी तिथल्या फळ्यावर मोठ्या झोकात काढून दाखवला. मुलं बराच वेळ बघत राहिली. शेवटी दुसरीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, हे कोन्तं गाव हाये जी? इथी मानसं नाई राह्यत का?"

मी वळून फळ्याकडे पाहिलं. खरंच की! झोपडी होती, नदी होती, झाड होतं, माणूस मात्र औषधालासुद्धा नव्हता. मी डस्टर घेतलं आणि सगळं पुसून टाकलं. त्यानंतर तो देखावा मी आजवर काढलेला नाही.

लोकांना वाटतं चित्रकलेची बाई म्हणजे काहीतरी वेगळं पद असतं. तसं काही नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चित्रकलेला वेगळा शिक्षक नसतो. जी बाई बाराखडी शिकवते, तीच बेरीज शिकवते, तीच नाक पुसते आणि तीच चित्रकला घेते. वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास 'कला' असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेक शाळांमध्ये त्या दोन तासांत पाढे म्हणवून घेतात. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे तर तेच चालायचं. चित्र काढायला सांगितलंच, तर आंबा, झेंडा आणि फुलदाणी. जंगलातल्या पोरांनी फुलदाणी कशाला बघितली असेल, हा विचार कोणी करायचं नाही.

मला मात्र या तासाचा सोस होता. त्याला कारण माझे अब्बा. चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत आमचं घर. अब्बा पत्र्याच्या पेट्या रंगवायचे. लग्नात मुलीला द्यायची पेटी. तिच्यावर मोर, गुलाब, कमळ, जे गिऱ्हाईक सांगेल ते. माझं लहानपण त्या रंगाच्या वासात गेलं. मी शिक्षिका झाले तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले, "शमीम, बच्चों का हाथ पकड़ के मत सिखाना. हाथ पकड़ा तो चित्र तेरा होगा, उनका नहीं." डी.एड.च्या दोन वर्षांत मला इतकं कामाचं कोणी काही सांगितलं नव्हतं.

शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. एक खोली सरकारी, विटांची, कवेलू, म्हणजे कौलं, घातलेली. दुसरी गावानं स्वतः बांधलेली. बांबूचा कूड, त्यावर माती लिपलेली. सरकारी खोलीत तिसरी-चौथी घेऊन मोठे गुरुजी बसायचे. मातीच्या खोलीत मी, पहिली-दुसरीची पलटण घेऊन. मोठे गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक. धानाची शेती असलेल्या घरातला माणूस, आवाज खणखणीत, आणि पाढ्यांचं अतोनात वेड. सकाळी पाढे, जेवणाच्या सुट्टीआधी पाढे, शाळा सुटताना पाढे. मी नवी आले तेव्हा मला त्यांचा राग यायचा. पण पाऊस कितीही असो, नाल्याला पूर असो, शाळेचं कुलूप त्यांनी वेळेवर उघडलं नाही असं कधी झालं नाही. असा माणूस मला पुढच्या सगळ्या नोकरीत क्वचित भेटला.

आता या पोरांच्या चित्रांबद्दल सांगते. कारण तिथं मी शिकवलं कमी आणि बघत बसले जास्त.

एक तर ही मुलं कागद समोर धरून बसत नसत. कागद जमिनीवर, आणि चारी बाजूंनी चौघं जण. प्रत्येक जण आपापल्या बाजूनं काढणार. म्हणजे चित्र पूर्ण झालं की त्याला वर-खाली काही उरतच नसे. सुरुवातीला मी एक चित्र भिंतीला टांगलं, तर लगेच भांडण. "बाई, माही गाय उलटी टांगली तुमी!" सरळ केलं, तर दुसऱ्याची बैलगाडी उलटी. शेवटी चित्रं टांगायची सोडली, जमिनीवरच मांडून ठेवायला लागले. ज्याला बघायचं त्यानं भोवती फिरून बघावं.

दुसरं म्हणजे झाड. 'झाड काढा' म्हटलं की शहरातली मुलं खोड काढतात, वर ढगासारखा हिरवा गोळा काढतात. ही पोरं झाड काढायची एवढंसं, आणि त्याखाली सावली काढायची ऐसपैस. सावलीत आजी झोपलेली, कुत्रं, पाण्याचं मडकं, मोहाची फुलं वाळत घातलेली, दोन बाया डोईतल्या उवा बघत बसलेल्या. मी म्हटलं, "अरे, झाड कुठं आहे?" तर पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच येडी.

आणि एकदा मी वाघ काढायला सांगितला. बाकीच्यांनी पट्टे ओढले, शेपट्या काढल्या. एका पोरानं नुसतं गवत काढलं. पानभर गवत. मी विचारलं, "वाघ कुठं रे?" तो म्हणाला, "गवतात हाये ना जी." "मग दिसत का नाही?" "दिसला असता तं मी इथी बसलो असतो का जी?"

सांगा आता. याला किती गुण द्यायचे?

रंगांचं म्हणाल तर रंगपेटीचं नाव नको. पहिल्या वर्षी मी चंद्रपुराहून मेणाच्या खडूंचे डबे नेले होते. पहिलीच्या पोरांनी चाखून पाहिले. लाल खडू तर निम्मा पोटात गेला. मग आम्ही गावातलेच रंग घेतले. गेरू, चुलीतला कोळसा, नाल्याच्या काठची पांढरी माती, उन्हाळ्यात पळसाच्या फुलांचं पाणी. आणि कुंचला म्हणजे शिंदीची काडी. तिचं टोक दातानं चावून चावून मऊ केलं की त्याचे तंतू सुटतात आणि झकास कुंचला तयार होतो. चित्रकलेच्या तासाआधी माझा अख्खा वर्ग रवंथ करत बसलेला असायचा.

या सगळ्यात एक पोरगी होती, रैनी. दुसरीत. तिचे वडील सोमाभाऊ आणि आई बुधनीबाई. घरी गोंडी बोलायचे. गावातली बाकीची गोंड पोरं दोन-तीन महिन्यांत मराठी बोलायला लागत, पण रैनी शाळेत तोंडच उघडायची नाही. मराठीत नाही आणि गोंडीतही नाही. काही विचारलं तर फार तर मान हलवायची. आणि ती यायचीही मंगळवारी आणि शुक्रवारीच. चित्रकलेचे तास त्या दिवशी असायचे. बाकीचे दिवस बकऱ्या राखायची. त्या दोन दिवशी बकऱ्यांचं काय करायची? घेऊन यायची! शाळेच्या मागं मोहाच्या झाडाखाली बकऱ्या, आणि वर्गात रैनी.

मी सोमाभाऊंकडे गेले. म्हटलं, "भाऊ, पोरीला रोज पाठवा ना." सोमाभाऊ भला माणूस. म्हणाला, "मी कायले नाई म्हणू बाई? पन बकऱ्या कोन राखीन? अन् थे रोज येतेच कुठी? मी धाडलं तरी नाई जात. चित्राच्या दिवशीच जाते."

शाळेत येऊन मी मोठ्या गुरुजींना सांगितलं, की बकऱ्या इथंच बांधू द्या. गुरुजी उखडले. "शेखबाई, ही शाळा हाये का कोंडवाडा? आज बकऱ्या आल्या, उद्या म्हशी येतीन!" मी काही कमी तोंडाची नव्हते. म्हटलं, "येऊ द्या म्हशी, पोरं येताहेत ना त्यांच्यामागं?" गुरुजी पुटपुटत निघून गेले, पण बकऱ्यांना नाही म्हणाले नाहीत.

आणि मग बकऱ्यांनी घात केला. एका शुक्रवारी मुलं पाणी प्यायला गेली, आणि मोहाखाली मांडून ठेवलेली सगळ्या वर्गाची चित्रं बकऱ्यांनी खाऊन टाकली. एक जण गावचा बाजार काढून बसला होता, त्याचा बाजार गेला. एकीची आजी गेली. वर्गात रडारड! रैनी कोपऱ्यात उभी, मान खाली, ओठ घट्ट. बकऱ्या तिच्या ना. मला कळलं, ही आता परत येणार नाही.

तेव्हा मला सुचलं. म्हटलं, "आता आपण अशा जागी चित्र काढू, की बकरीला खाताच येणार नाही." आणि आमच्या मातीच्या खोलीची बाहेरची भिंत दाखवली. अख्खी भिंत. आणि पटकन पुढं म्हणून टाकलं, की भिंत मोठी आहे, दोन दिवसांत व्हायची नाही. रोज काढावं लागेल. रोज शेवटचा अर्धा तास. रैनीकडे न बघता म्हटलं, पण म्हटलं तिच्याचसाठी.

सोमवारी रैनी आली. मंगळवारी आली. बुधवारीही आली. बकऱ्या मोहाखाली, रैनी वर्गात. रोज! शेवटच्या अर्ध्या तासासाठी ती आधीचे सगळे तास बसायची. बोलायची नाही, पण पाटीवर अक्षरं उमटायला लागली. मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच हसायची.

मोठ्या गुरुजींना मात्र तो रोजचा अर्धा तास सलत होता. आदल्या तपासणीत साहेब 'पाढे कच्चे' म्हणून गेले होते आणि ते गुरुजींच्या फार जिव्हारी लागलं होतं. पावसाळा सरून भिंत अर्ध्याहून जास्त भरली, तेव्हा यंदाच्या तपासणीचा निरोप आला. गुरुजींनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "बाई, साफ सांगतो. साहेब येऊन राह्यले. भिंत पाहून थे खूश झाले, तं तुमचा रोजचा तास राहील. नाई झाले, तं थ्या अर्ध्या तासाचे पाढे. अन् थे मुकी पोट्टी साहेबासमोर बसवू नोका. तिले काई इचारलं अन् थे बोलली नाई, तं साहेब म्हनतीन दुसरीची पोट्टी काऊन बोलत नाई?"

मी म्हटलं, "रैनी बसेल." आवाज चढलाच माझा. पण तास गेला की रैनी गेली, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. ती मग मोहाखालीसुद्धा आली नसती.

तपासणी सोमवारी होती. शनिवारपर्यंत आम्ही भिंत पूर्ण केली. आणि काय भिंत झाली होती! मडई होती, म्हणजे तिकडची जत्रा, आणि तिच्यातला पाळणा होता. धान रोवणाऱ्या बायांची रांग होती, सगळ्या वाकलेल्या, एक मात्र कंबर धरून उभी. नाला होता आणि नाल्यात मासे पकडणारी पोरं होती. गवत होतं, न दिसणाऱ्या वाघासकट. आणि रैनीच्या बकऱ्या होत्या, तोंडात कागद धरलेल्या. मी जाताना तीनदा मागं वळून बघितलं आणि एसटीच्या लाल गाडीनं चंद्रपूरला घरी गेले. अब्बांना सगळं वर्णन करून सांगितलं. अब्बांचे डोळे तेव्हा अधू झाले होते. ते म्हणाले, "एक बार ले चल मुझे, हाथ फेर के देखूँगा."

सोमवारी पहिल्या गाडीनं निघाले. फाट्यावर उतरून चालत गावात शिरले. शाळेच्या वळणावर आले आणि पाय तिथंच थांबले.

भिंत पांढरीशुभ्र.

मडई नाही, बाया नाहीत, बकऱ्या नाहीत. खालपासून वरपर्यंत अख्खी भिंत लिपलेली, वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला, ओलसर, गुळगुळीत. आणि भिंतीसमोर गावातल्या बाया उभ्या. बुधनीबाई सगळ्यांत पुढं, हातात पोतेरं, कोपरापर्यंत माती, आणि चेहऱ्यावर काय ते समाधान!

"पाहा जी बाई," ती म्हणाली, "कशी झाली?"

मग मी मटकन खाली बसले आणि रडले. लपून नाही, पदर लावून नाही. मोठ्यानं, भोकाड पसरून, दोन्ही हात डोक्यावर ठेवून रडले. पंचविशीची बाई मी, सगळ्या गावासमोर.

बाया घाबरल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. बुधनीबाई माझ्याजवळ येऊन बसली. "काऊन रडता जी? पावणे येऊन राह्यले ना? मंग घर लिपाव नाई का? पावण्याले जुनी भित दाखवाव का?"

तिच्या घरची रीत तिनं शाळेला लावली होती. पोळा असो, दिवाळी असो, लग्न असो, पाहुणा यायचा म्हणजे भिंत लिपायची. लिपताना जुनं जे असेल ते जातं. त्यात कुणाला काही वाटत नाही. लग्नातली भिंतीवरची चित्रंही त्या अशीच लिपून टाकतात. त्या बायांनी रविवारचा अख्खा दिवस नाल्यावरून पांढऱ्या मातीच्या टोपल्या वाहिल्या होत्या. शाळेचा, माझा आब राहावा म्हणून. आणि मी त्यांच्यासमोर भोकाड पसरून बसले होते.

मोठे गुरुजी सरकारी खोलीतून बाहेर आले. मला वाटलं, आता म्हणतील, झालं, आता पाढे. पण ते भिंतीकडे बघत उभे राहिले, कानाच्या पाळीला हात लावत.

आणि पोरं? पोरांना काही झालंच नव्हतं! उलट त्यांचे चेहरे उजळले होते. वाघवाला पोरगा माझ्याजवळ आला आणि मला समजावायला लागला. "बाई, आता कोरी झाली ना जी भित. आता बराबर निंगते. पयले जागाच नवती उरली."

"अरे, साहेब दुपारी येणार आहेत. महिनोन्महिने लागले होते आपल्याला!"

"थे तुमी रोज अर्धाच तास द्या म्हणून," तो म्हणाला.

तोवर गेरू भिजायलाही पडला होता. कोळसा आला. पोरं शिंदीच्या काड्या तोंडात घालून चावायला लागली. आणि मी बघते तर मोठे गुरुजी! धोतराचा सोगा खोचून, पायरीवर बसून, स्वतः शिंदीची काडी चावताहेत. माझी नजर गेली तशी म्हणाले, "पाहता काय बाई? तिसरी-चौथीलेही लावा. हात जास्ती होतीन."

मग मी उठले. डोळे पुसले, हातपाय धुतले, पोरांचे केस विंचरायला घेतले, फळा लिहिला, पाण्याचा माठ भरला, चहाची साखर कुणाकडून आणायची ते बघितलं. भिंतीकडे जायला मला वेळच नव्हता. अधूनमधून ओरडायची फक्त, "मडई काढली का रे? धानवाल्या बाया काढा! आधीचंच काढा सगळं!" पोरं "हाव जी, हाव जी" म्हणायची. बुधनीबाई आणि बाकीच्या बाया झाडाखाली बसून बघत होत्या. भिंत ओली असल्यामुळे गेरू आत मुरत होता आणि रेघ अशी ठसठशीत उठत होती की आधी कधी उठली नव्हती. हे मात्र मी जाता येता बघितलं.

जीप आली. साहेब उतरले, त्यांच्यासोबत एक बाबू. गुरुजींनी हार घातला. साहेब आधी वर्गात जातात, यावेळी भिंतीपाशीच थांबले. आणि मीही तेव्हाच पहिल्यांदा भिंत पूर्ण बघितली.

मडई नव्हती. धान रोवणाऱ्या बाया नव्हत्या. पोरांनी आधीचं काहीएक काढलं नव्हतं. त्यांनी कालचा रविवार आणि आजची सकाळ काढली होती. नाल्यावरून टोपल्या आणणाऱ्या बायांची रांग. भिंत लिपणारे हात, नुसते हात, कितीतरी. पायरीवर बसून काडी चावणारे मोठे गुरुजी, धोतरासकट. फाट्यावरून येणारी लाल गाडी. आणि सगळ्यांच्या मधोमध, दाराएवढी उंच, एक बाई. दोन्ही हात डोक्यावर, तोंड उघडं, गुहेएवढं, आणि डोळ्यांतून कोळशाच्या धारा थेट पायापर्यंत. शेजारी तिची पिशवी पडलेली. पिशवीवरची फुलंसुद्धा सोडली नव्हती.

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

त्या बाईच्या पायापाशी रैनी उभी होती, हात गेरूनं लाल. साहेबांना काय माहीत ही कोण? समोर दिसली तिला विचारलं. वाकून, प्रेमानंच. "हे कोण आहे ग?"

गुरुजी एकदम पुढं सरकले. "साहेब, थे पोट्टी जरा..."

"बाई," रैनी म्हणाली.

एवढा छोटा आवाज. मी तो आधी कधी ऐकलाच नव्हता. मला तर क्षणभर कोण बोललं तेच कळलं नाही.

"बाई काय करते?" साहेबांनी विचारलं.

"रडून राह्यली."

"का बरं?"

रैनीनं विचार केला. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "भित कोरी होती म्हणून," ती म्हणाली. आणि मग, मला धीर द्यावा तसं, "आता नाई रडत."

साहेब हसले, "छान, छान" म्हणाले आणि वर्गात गेले. त्यांच्या लेखी एका पोरीनं तीन प्रश्नांची उत्तरं दिली होती, त्यात काय विशेष? वर्गात त्यांनी पाढे विचारले. सातावर निम्मी चौथी अडकली. गुरुजींना चार शब्द ऐकावे लागले. चहा झाला, जीप गेली. भिंतीबद्दल साहेब चांगलं बोलले नाहीत की वाईटही नाही. त्या 'छान, छान'चा अर्थ काय लावायचा, ते आमच्यावर सोडून गेले.

जीपची धूळ खाली बसली. मी गुरुजींकडे बघायचं टाळत होते. पाढे कच्चे निघाले होते, म्हणजे निकाल माझ्या विरुद्धच होता. गुरुजी भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. डोक्यावर हात घेतलेल्या त्या बाईकडे बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "पोट्टी बोलली, बाई."

"हो गुरुजी."

"मराठीत बोलली."

"हो."

"पाढे मी सकाळी शाळा भराच्या आंधी घेत जाईन," ते म्हणाले. "तुमचा तास ऱ्हाऊ द्या." आणि आत गेले. त्यांचा आवाज फाटला होता. मनातून मी त्या माणसाला वाकून सलाम केला, आणि आजही करते.

त्यानंतर शाळेची रीतच पडली. पाहुणा यायचा म्हटलं की बाया भिंत लिपायच्या आणि पोरं नव्यानं काढायची. पोळ्याला लिपली, दिवाळीला लिपली, सव्वीस जानेवारीला लिपली. मी पुन्हा रडले नाही. चित्र जपून ठेवायची चीज आहे, हे मी अब्बांच्या पेट्यांवरून शिकले होते. पेटी लग्नात दिली की जन्मभर राहते. या पोरांचं तसं नव्हतं. त्यांना काढायला आवडायचं, ठेवायला नाही. मात्र दर वेळी नव्या भिंतीवर कुठंतरी एका कोपऱ्यात रैनी ती रडणारी बाई काढायचीच. कधी धानाच्या बांधावर, कधी मडईच्या पाळण्यात बसलेली, तोंड तसंच उघडं, धारा तशाच. मी चिडायची. "बस कर ना ग आता!" ती हसायची. बोलायला तर अशी लागली होती की गुरुजी तिला गप्प बसवून थकायचे.

पुढं मी चंद्रपूरच्या शाळांमध्ये नोकरी केली. तिथल्या भिंतींवर पेंटरकडून सुविचार लिहून घेतलेले असतात, ऑइलपेंटनं, आणि खाली 'भिंतीला हात लावू नये.' पोरांना कागद मिळायचे, रंगपेट्या मिळायच्या, आणि ती मान खाली घालून दोन डोंगर आणि सूर्य काढायची. त्यांचा दोष नाही. पण मला त्या तासाला करमायचं नाही. अब्बांना त्या गावी न्यायचंही राहूनच गेलं.

माझी बदली झाली ते साल आणि रैनी चौथी पास झाली ते साल एकच. पाचवीला ती दूरच्या आश्रमशाळेत जाणार होती. सोमाभाऊनं बकऱ्या धाकट्या भावाकडे देऊन टाकल्या होत्या. मी माझी पेटी न्यायला शाळेत आले, तर भिंतीपाशी रैनी आणि तिची आई. लिपून राहिल्या होत्या. एक कोपरा सोडून सगळी भिंत पांढरी झालेली.

"आता काऊन लिपता व?" मी विचारलं. "कोण पावणा येऊन राह्यला?"

"नव्या बाई येतीन ना जी," रैनी म्हणाली. "थ्याइले कोरी भित पायजे."

"आणि त्यांच्यासाठी चित्र कोण काढेल? तू तर चालली."

"लहान्या पोट्ट्या काढतीन. मी शिकवलं हाये थ्याइले."

कोपऱ्यातली रडणारी बाई अजून लिपायची राहिली होती. रैनीनं माझ्याकडे पाहिलं, पोतेरं पांढऱ्या मातीत बुडवलं, पिळलं आणि माझ्यापुढं धरलं. "घ्या जी बाई. तुमचं तोंड तुमीच लिपा."

बुधनीबाई हसली. मी पदर खोचला, पोतेरं घेतलं आणि लिपलं. आधी धारा, मग ते उघडं तोंड, मग डोक्यावरचे हात. माती थंडगार होती. लिपून झालं तसं मी पोतेरं खाली ठेवलं. भिंत कोरी होती, आणि शेजारी उभी राहून रैनी शिंदीची काडी चावत होती.